मुंबईतील उद्याने आणि ऐतिहासिक स्थळे

मुंबईतील उद्याने आणि ऐतिहासिक स्थळे या लेखात महाराष्ट्राची राजधानी असलेल्या मुंबई शहरातील सार्वजनिक बागा, मैदाने, किल्ले, लेणी आणि वारसा वास्तू यांची माहिती दिली आहे. मुंबईत ही दोन प्रकारची स्थळे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. दक्षिण मुंबईतील मैदाने जुन्या कोटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यातून उरली आहेत, मलबार टेकडीवरील आणि माझगावच्या टेकडीवरील बागा पाण्याच्या टाक्यांवर वसविलेल्या आहेत, तर कान्हेरीची लेणी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. शहरातील घारापुरीची लेणी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह (२०१८) या तीन स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. यांपैकी घारापुरी बेट प्रशासकीयदृष्ट्या रायगड जिल्ह्यात असले, तरी तेथे जाण्याचा प्रमुख मार्ग मुंबईतूनच आहे.

## पार्श्वभूमी

आजच्या मुंबई शहराचा गाभा मूळच्या सात बेटांचा आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती बेटे होत. इ.स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून हा प्रदेश पोर्तुगिजांकडे आला. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. १६६८ मध्ये राजाने ती वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली.

कंपनीने बंदराभोवती तटबंदीचे शहर उभारले. त्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. आजही या भागाला 'फोर्ट' अथवा 'कोट' म्हणतात आणि पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट स्थानकाला त्यांतील एका दरवाजाचेच नाव मिळालेले आहे. १८०३ मध्ये कोटाच्या आत मोठी आग लागली. त्यानंतर तटाबाहेरील मोकळा पट्टा अधिक रुंद करण्यात आला. शत्रू चालून आल्यास तोफांचा मारा करता यावा, म्हणून या पट्ट्यात बांधकामाला परवानगी नव्हती. 'एस्प्लनेड' या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा म्हणजेच दक्षिण मुंबईतील मैदानांचे मूळ होय. लष्करी गरजेपोटी मोकळी राखलेली जमीन पुढे नागरिकांच्या वहिवाटीची झाली.

१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापसाचा पुरवठा थांबला आणि मुंबईच्या कापूस व्यापारात अफाट पैसा आला. याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत (१८६२–६७) कोटाचे तट पाडण्यात आले. मोकळ्या झालेल्या जागेवर न्यायालय, विद्यापीठ, तारखाते, सचिवालय अशा इमारती एका रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोरचा एस्प्लनेडचा भाग मात्र मोकळाच ठेवण्यात आला.

## दक्षिण मुंबईतील मैदाने

### ओव्हल मैदान

ओव्हल मैदान सुमारे २२ एकरांचे असून त्याचा आकार लंबगोल आहे. त्याच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीच्या इमारती आहेत आणि पश्चिमेला विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीच्या. १९२० च्या दशकापर्यंत मैदानाच्या पश्चिमेस रेल्वेमार्ग आणि त्यापलीकडे समुद्र होता. बॅक बे भरावामुळे तेथे नवी जमीन तयार झाली आणि १९३० च्या दशकात तिच्यावर वक्र सज्जे, आडव्या रेषा व भौमितिक नक्षी असलेल्या निवासी इमारती बांधल्या गेल्या. इरॉस चित्रपटगृह (१९३८) हे याच परिसरातील आहे. मैदानाच्या मध्यावर उभे राहिल्यास एका बाजूस व्हिक्टोरियाकालीन आणि दुसऱ्या बाजूस विसाव्या शतकातील मुंबई दिसते. २०१८ मध्ये युनेस्कोने मान्य केलेल्या वास्तुसमूहात एकूण ९४ इमारती असून या समूहाचा मध्य म्हणजे हे मैदान आहे.

पूर्वेकडील रांगेत मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर सर्वांत उंच आहे. त्याची उंची सुमारे ८५ मीटर असून आराखडा इंग्रज वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आहे. मनोऱ्यासाठी कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यास आपल्या आईचे नाव द्यावे, अशी अट घातली. राजाबाई अंध होत्या आणि जैन आचारानुसार सूर्यास्तापूर्वी जेवत असत, त्यामुळे घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी हा देणगीमागील हेतू होता, अशी आख्यायिका आहे. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला.

त्याच्या शेजारी मुंबई उच्च न्यायालयाची इमारत आहे. कर्नल जे. ए. फुलर यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही इमारतही १८७८ मध्येच पूर्ण झाली. लोकमान्य टिळकांवरील १९०८ चा राजद्रोहाचा खटला येथे चालला. ज्या दालनात त्यांना शिक्षा सुनावण्यात आली, त्याच्याबाहेर टिळकांचे उद्गार कोरलेला संगमरवरी फलक १९५६ मध्ये बसविण्यात आला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याचे अनावरण केले.

### आझाद मैदान आणि क्रॉस मैदान

आझाद मैदान सुमारे २५ एकरांचे आहे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून दोन हिंदी शिपायांना या परिसरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. १८७५ मध्ये मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखान्याची स्थापना झाली. भारतातील पहिला कसोटी क्रिकेट सामना डिसेंबर १९३३ मध्ये याच जिमखान्याच्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात खेळला गेला. त्यात लाला अमरनाथ यांनी भारताकडून पहिले कसोटी शतक झळकावले. आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक खेळपट्ट्यांवर सामने चालतात. १९८८ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी खेळाडूंनी येथेच ६६४ धावांची अखंडित भागीदारी केली.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात या मैदानावर अनेक सभा झाल्या. आजही शहरातील आंदोलनांसाठी मैदानाचा ठरावीक भाग राखीव आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सहा दिवस चालून १२ मार्च रोजी येथे पोहोचला होता.

क्रॉस मैदानाला तेथील पोर्तुगीजकालीन क्रूसावरून नाव मिळाले. मैदानाच्या एका बाजूस विकसित केलेल्या बागेत चरख्याचे भव्य पोलादी शिल्प आहे.

### हुतात्मा चौक

ओव्हल मैदानापासून थोड्याच अंतरावर फ्लोरा फाउंटन हे १८६४ मधील दगडी कारंजे आहे. ते मूळतः भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्ससाठी घडविण्यात आले होते, परंतु नंतर ते कोटाच्या चर्च गेटच्या जागी उभारण्यात आले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या निदर्शकांवर या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. या चळवळीत प्राण गेलेल्या शंभराहून अधिक व्यक्तींच्या स्मरणार्थ कारंज्याजवळ स्मारक उभारण्यात आले आणि चौकास हुतात्मा चौक असे नाव देण्यात आले. हातात मशाल घेतलेल्या शेतकरी व कामगाराचे शिल्प हे या स्मारकाचे वैशिष्ट्य आहे.

### हॉर्निमन सर्कल

कोटाच्या मध्यभागी 'बॉम्बे ग्रीन' नावाची मोकळी जागा होती. १८६० च्या दशकात तिच्याभोवती वर्तुळाकार कमानदार इमारती बांधून मध्ये बाग करण्यात आली. तिचे मूळ नाव एल्फिन्स्टन सर्कल असे होते. स्वातंत्र्यानंतर तिला 'बॉम्बे क्रॉनिकल' या वृत्तपत्राचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. भारतीयांची बाजू घेणाऱ्या हॉर्निमन यांना १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने हद्दपार केले होते. बागेच्या पूर्वेस १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल असून त्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. पश्चिमेस १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. शेअर बाजाराला स्वतःची इमारत मिळण्यापूर्वी दलाल याच परिसरातील वडाच्या झाडांखाली व्यवहार करीत असत.

## राणीची बाग

भायखळा येथील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान मुंबईकरांच्या बोलण्यात अजूनही 'राणीची बाग' आहे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स' या नावाने तिचे उद्घाटन झाले. यापूर्वी पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग शिवडी येथे होती. भायखळ्याची बाग मुळात वनस्पतिउद्यान म्हणून रचलेली असून प्राणिसंग्रहालय १८९० मध्ये तिच्यालगतच्या जागेत जोडले गेले. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ५३ एकर आहे. येथे तीन हजारांहून अधिक झाडे असून त्यांत गोरखचिंचेसह देशी-विदेशी अशा अडीचशेहून अधिक जाती आढळतात. दाट वस्तीच्या मध्य मुंबईत इतके मोठे व इतके जुने वृक्षवैभव अन्यत्र नाही.

उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. शहरातील हे सर्वांत जुने संग्रहालय २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' या नावाने सुरू झाले. वैद्य, पुराभिलेखतज्ज्ञ आणि समाजसुधारक असलेले डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी निधी उभारण्यात पुढाकार घेतला होता. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. जीर्ण झालेल्या इमारतीचा जीर्णोद्धार महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने झाला. या कामास २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला.

संग्रहालयाच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगिजांनी घारापुरी बेटाला 'एलिफंटा' असे नाव दिले होते. एकोणिसाव्या शतकात तो हलविण्याच्या प्रयत्नात पडून फुटला आणि नंतर त्याचे तुकडे जोडून पुन्हा उभा करण्यात आला.

राजे-महाराजे व ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पुतळ्यांचेही हे उद्यान आश्रयस्थान ठरले. दक्षिण मुंबईतील 'काळा घोडा' म्हणून प्रसिद्ध असलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथे हलविण्यात आला. पुतळा गेला, तरी मूळ जागेचे काळा घोडा हे नाव टिकून राहिले. २०१७ मध्ये तेथे स्वार नसलेल्या घोड्याचे नवे शिल्प बसविण्यात आले.

## टेकड्यांवरील बागा

मलबार टेकडीवरील फिरोजशाह मेहता उद्यान 'हँगिंग गार्डन' या नावाने परिचित आहे. दक्षिण मुंबईस पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या छतावर ते वसविलेले असून झुडपांना प्राण्यांचे आकार देण्याची पद्धत हे त्याचे वैशिष्ट्य आहे. समोरच्या कमला नेहरू उद्यानातील 'म्हातारीचा बूट' ही बुटाच्या आकाराची छोटी इमारत मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांच्या बालपणाशी जोडलेली आहे. या उद्यानातून गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा अर्धवर्तुळाकार किनारा दिसतो. २०२३ मध्ये हँगिंग गार्डनखालील जलाशय पाडून नव्याने बांधण्याची योजना पुढे आली. त्यासाठी शेकडो झाडे बाधित होणार असल्याने नागरिकांनी विरोध केला आणि जलाशयाची दुरुस्ती शक्य आहे का, हे तपासण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली.

टेकडीच्या पायथ्याशी, समुद्रालगत बाणगंगा हे पायऱ्यांचे तळे आणि वाळकेश्वराचे देऊळ आहे. तळ्याचा संबंध शिलाहार काळाशी जोडला जातो. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने बाण मारून येथे गोडे पाणी काढले, अशी कथा सांगितली जाते. समुद्र इतका जवळ असूनही तळ्यातील झऱ्याचे पाणी गोडे आहे. सध्याच्या देवळाची व तळ्याची उभारणी अठराव्या शतकाच्या आरंभी रामा कामत यांनी केली.

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील जोसेफ बाप्टिस्टा उद्यान तुलनेने कमी परिचित आहे. येथे पूर्वी माझगावचा किल्ला होता. सिद्दी याकूत खानाच्या आक्रमणाच्या काळात, १६९० च्या सुमारास, तो उद्ध्वस्त झाला. पुढे टेकडीवर पाण्याची टाकी आणि तिच्यावर बाग करण्यात आली. होमरूल चळवळीतील टिळकांचे सहकारी आणि मुंबईचे महापौर राहिलेले जोसेफ 'काका' बाप्टिस्टा यांचे नाव या बागेस देण्यात आले. येथून बंदर, गोद्या आणि हार्बर रेल्वेमार्ग दिसतो.

## दादर आणि गिरगाव परिसर

### शिवाजी पार्क

दादर येथील छत्रपती शिवाजी महाराज पार्क हे सुमारे २८ एकरांचे मैदान १९२५ मध्ये महानगरपालिकेने जनतेसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव 'माहीम पार्क' होते. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्यास शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. मैदानाभोवतीचा सलग बसका कट्टा हे त्याचे सर्वांत ओळखीचे अंग आहे. पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, दुपारी झाडांखाली विसावणारे फेरीवाले आणि संध्याकाळी गप्पा मारणारे तरुण असे त्याचे मानकरी दिवसभर बदलत राहतात.

संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या अनेक सभा येथे झाल्या. १९६६ मध्ये शिवसेनेचा पहिला जाहीर मेळावा याच मैदानावर झाला आणि पुढे दसरा मेळाव्याची प्रथा रूढ झाली. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी येथे क्रिकेटपटूंच्या अनेक पिढ्या घडविल्या; सचिन तेंडुलकर हे त्यांचेच शिष्य होत. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. खेळ, सभा आणि रहिवाशांची शांतता यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न तेव्हापासून वारंवार न्यायालयासमोर आला आहे.

जवळच समुद्रकिनारी चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पार्थिवावर ७ डिसेंबर १९५६ रोजी येथे अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबर या महापरिनिर्वाण दिनी देशभरातून लाखो अनुयायी येथे येतात. त्या दिवसांत शिवाजी पार्कवर त्यांच्या निवासाची सोय केली जाते आणि पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात.

### ऑगस्ट क्रांती मैदान

ग्रँट रोडजवळील गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'भारत छोडो' ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रमुख नेत्यांना अटक झाल्यावर अरुणा असफअली यांनी येथे राष्ट्रध्वज फडकविला. मैदानास पुढे ऑगस्ट क्रांती मैदान असे नाव मिळाले. काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये ज्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, ती वास्तूही याच परिसरात आहे. महात्मा गांधी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत जेथे उतरत, ते मणिभवन येथून चालत जाण्याच्या अंतरावर असून आता त्यात संग्रहालय व ग्रंथालय आहे. गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. ऑगस्ट १९२० मध्ये त्यांच्यावर तेथेच अंत्यसंस्कार झाले होते.

## बंदर आणि रेल्वेशी निगडित वास्तू

गेटवे ऑफ इंडिया ही २६ मीटर उंचीची कमान डिसेंबर १९११ मध्ये राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरल्याच्या स्मरणार्थ बांधण्यात आली. तिचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट होते. बांधकाम पूर्ण होऊन ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. राजाच्या आगमनाची खूण म्हणून उभारलेल्या या कमानीतूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी मायदेशी रवाना झाली. समोरच्या बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. विटेट यांनीच आराखडा केलेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळच असून ते १९२२ पासून जनतेसाठी खुले आहे. संग्रहालयाभोवतीची बाग व ताडवृक्षांची रांग इमारतीच्या घुमटास शोभून दिसते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ पासून सुमारे दहा वर्षांत बांधण्यात आली. भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच परिसरातील बोरीबंदर येथून ठाण्यास गेली होती. इमारतीच्या भिंतींवर पाने, फुले, माकडे, मोर आणि इतर प्राणी कोरलेले आहेत. हे जागतिक वारसास्थळ आजही चालू रेल्वेस्थानक आहे. येथून दररोज लाखो प्रवासी ये-जा करतात. समोरील महानगरपालिका मुख्यालय (१८९३) हीदेखील स्टीव्हन्स यांचीच रचना आहे.

## किल्ले

मुंबईतील किल्ले आकाराने लहान असून त्यांचा उपयोग प्रामुख्याने खाड्या व बंदरावर नजर ठेवण्यासाठी होत असे.

* शीवचा किल्ला: इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टेकडीवर बांधला. परळ बेट आणि पोर्तुगिजांच्या ताब्यातील साष्टी यांची हद्द येथे भिडत होती. पायथ्याशी आता उद्यान आहे.
* शिवडीचा किल्ला: पूर्व किनाऱ्यावर, खाडीच्या काठी. हिवाळ्यात व उन्हाळ्यात शिवडीच्या चिखलपट्टीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.
* वरळी व माहीमचे किल्ले: माहीमच्या उपसागराच्या दोन टोकांना. दोन्हींच्या आसपास कोळी समाजाची जुनी वस्ती आहे.
* वांद्र्याचा किल्ला: पोर्तुगिजांनी १६४० मध्ये बांधला. 'अग्वाद' या नावाचा संबंध तेथील गोड्या पाण्याशी आहे. अवशेषांलगत बाग व खुला रंगमंच आहे.

शहराच्या उत्तरेस वसईचा किल्ला आहे. चिमाजी आप्पांनी तो १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकला.

## लेणी आणि जंगल

बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले आहे. महानगराच्या हद्दीलगत बिबट्यांचा नैसर्गिक अधिवास असलेले हे जंगल जगातील मोजक्या उदाहरणांपैकी एक आहे. तुळशी व विहार हे शहरास पाणी पुरविणारे तलाव याच परिसरात आहेत. त्यांपैकी विहार तलावाचे पाणी १८६० पासून नळाने शहरात येऊ लागले. उद्यानात काही आदिवासी पाडेही आहेत.

उद्यानातील कान्हेरी लेण्यांत शंभराहून अधिक गुहा असून त्यांची निर्मिती सुमारे एक हजार वर्षांच्या कालखंडात होत राहिली. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हे मोठे चैत्यगृह आहे. प्रत्येक विहाराजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि त्यांत पावसाचे पाणी आणणाऱ्या पन्हळी हा येथील जलव्यवस्थापनाचा उत्तम नमुना मानला जातो. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले अकराव्या शतकातील लेख आहेत. त्यांत लेणी पाहण्यास आलेल्या पारशी व्यक्तींची नावे आहेत. कान्हेरी हे हजार वर्षांपूर्वीही दूरवरच्या लोकांनी मुद्दाम पाहायला जाण्याचे स्थळ होते, याचा हा कोरीव पुरावा होय.

घारापुरीची लेणी साधारणतः पाचव्या-सहाव्या शतकातील असून मुख्य लेणे शिवाचे आहे. तेथील त्रिमुखी सदाशिवाची मूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे एका तासात बेटावर पोहोचता येते.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान माहीम आणि शीव यांच्या दरम्यान, धारावीलगत मिठी नदीच्या काठी आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा पूर्वी शहराचे कचराक्षेपण स्थळ होती. १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते वृक्षारोपण होऊन येथे जंगल उभारण्याचे काम सुरू झाले आणि १९९४ मध्ये उद्यान जनतेसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगांवर वाढलेले हे रान आज पक्षी व फुलपाखरांचा अधिवास आहे.

## संवर्धन आणि वाद

मुंबईत दरडोई उपलब्ध असलेली सार्वजनिक मोकळी जागा दोन चौरस मीटरांहूनही कमी आहे. त्यामुळे कोणत्याही बागेच्या अथवा मैदानाच्या वापरातील बदल हा लगेच सार्वजनिक वादाचा विषय होतो.

१९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा नागरी भागातील झाडे तोडण्यावर निर्बंध घालतो. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. भारतातील एखाद्या शहरासाठी अशा प्रकारची ती पहिलीच नियमावली होती. तिच्यानुसार वारसा वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी होते आणि त्यांतील बदलांबाबत वारसा संवर्धन समिती सल्ला देते.

१९९० च्या दशकात ओव्हल मैदानाची दुरवस्था झाली असता परिसरातील रहिवाशांनी न्यायालयीन लढा देऊन त्याच्या देखभालीची जबाबदारी घेतली. हे उदाहरण नागरी सहभागाचा आदर्श म्हणून सांगितले जाते. मात्र मोकळ्या जागा खासगी संस्थांना 'दत्तक' देण्याच्या महानगरपालिकेच्या धोरणावर तीव्र टीका झाली. काही मैदानांवर सभासदांपुरते मर्यादित क्लब उभे राहिले आणि सामान्यांचा प्रवेश बंद झाला, हा टीकेचा मुख्य मुद्दा होता. देखभालीसाठी पालिकेचा निधी व मनुष्यबळ अपुरे पडते, असे या धोरणाच्या समर्थकांचे म्हणणे होते.

राणीच्या बागेच्या पुनर्विकासाची मोठी योजना २००७ च्या सुमारास पुढे आली. आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय उभारणे हा तिचा उद्देश होता. त्यामुळे वनस्पतिउद्यानाचे मूळ स्वरूप व जुनी झाडे धोक्यात येतील, असे सांगत नागरिक व वनस्पतिप्रेमींनी चळवळ केली. वारसा समितीच्या आक्षेपांनंतर योजनेत बदल करण्यात आले. २०१६ मध्ये येथे आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांमुळे अभ्यागतांची संख्या वाढली, परंतु थंड प्रदेशातील पक्षी मुंबईत ठेवावेत का, यावर मतभेद राहिले.

२०१९ मध्ये गोरेगावच्या आरे परिसरात मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यात आली, तेव्हाही मोठे आंदोलन झाले. सार्वजनिक वाहतूक आणि हिरवे क्षेत्र या दोन्ही लोकहिताच्या गोष्टी परस्परविरोधी ठरल्याने हा वाद विशेष गाजला. २०२४ मध्ये राज्य शासनाने महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीपैकी सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचा निर्णय घेतला. तेथे खरोखर मोकळे उद्यान होते की बांधकामे येतात, याकडे नागरी संघटनांचे लक्ष आहे.

## भेटीची व्यवस्था

बहुतेक स्थळे उपनगरी रेल्वेने गाठता येतात. दक्षिण मुंबईतील ओव्हल मैदान, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, काळा घोडा आणि गेटवे ऑफ इंडिया ही स्थळे एका दिवसात पायी पाहता येतात. भुयारी मेट्रो मार्गिका ३ वर हुतात्मा चौक, चर्चगेट व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही स्थानके आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना घारापुरीच्या लाँच बंद राहू शकतात. कान्हेरीचा परिसर मात्र पावसाळ्यात धबधब्यांमुळे विशेष रमणीय असतो. तेव्हा पायऱ्या व खडक निसरडे झालेले असतात.

| स्थळ | जवळचे स्थानक | साप्ताहिक सुट्टी |
|---|---|---|
| राणीची बाग | भायखळा | बुधवार |
| डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय | भायखळा | बुधवार |
| संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व कान्हेरी | बोरिवली | सोमवार |
| घारापुरीची लेणी | गेटवे ऑफ इंडियाहून लाँच | सोमवार |
| ओव्हल मैदान | चर्चगेट | – |
| आझाद मैदान | छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस | – |
| शिवाजी पार्क व चैत्यभूमी | दादर | – |
| ऑगस्ट क्रांती मैदान | ग्रँट रोड | – |
| शीवचा किल्ला | शीव | – |

## हेही पहा

* मुंबईची सात बेटे
* संयुक्त महाराष्ट्र चळवळ
* भारतातील जागतिक वारसास्थळे
* महाराष्ट्रातील लेणी
* डॉ. भाऊ दाजी लाड